वरच्या ब्लॉकला किरायदार पाहिजे

"रोज एक मानूस माह्या धुतलेल्या पायऱ्यायवरून वर जाते, अन् पाच मिनिटांत जसंच्या तसं खाली येते. घर द्याचंच नाई, त दाखवते काहून बाई?"

या जमुनाबाई. खालच्या डाव्या ब्लॉकमधल्या आमच्या किरायदार. आपल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून नवऱ्याला, नत्थुजींना, सांगत होत्या. मी त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, ओलं फडकं हातात घेऊन ऐकत होते. आमच्या घराला एक डक्ट आहे. मिस्त्रीने पाइपांसाठी तीन फुटांची मोकळी जागा सोडली होती, पण तिच्यातून पाण्यापेक्षा बोलणंच जास्त वाहतं. किरायदारांना हे माहीत नाही आणि मी ते सांगत नाही. घर किरायाने द्यायचं असेल तर डक्ट जरूर ठेवावा, असं मी कोणालाही सांगेन.

नत्थुजी म्हणाले, घर त्यांचं, मर्जी त्यांची, तू भाकर टाक. जमुनाबाई म्हणाल्या, मर्जी काही पायऱ्या धूत नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बाई खरं बोलत होती. वरचा ब्लॉक रिकामा होऊन दोन महिने झाले होते. आणि अमरावतीत कठोरा रोडला ज्यांना ललिताबाईंचं, म्हणजे माझं, घर माहीत आहे, त्यांना हेही माहीत आहे की त्या घरातली खोली आठ दिवसांच्या वर रिकामी राहत नाही.

किरायदारी मी शाळेत शिकले नाही. शाळा नववीत सुटली. ही विद्या मी नऊ घरमालकांकडे शिकले. लग्नानंतर बावीस वर्षांत आम्ही नऊ घरं बदलली. एक मालक आमचे पाहुणे मोजायचा. एकाची बायको दुपारी येऊन आमचा पंखा बंद करून जायची, मी पंख्याखाली बसलेली असताना. आणि तीन जणांनी दारातच आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर त्यांना एकदम आठवलं की घर तर आज सकाळीच देऊन झालं. आमच्या लेकीचे, दीक्षाचे बाबा, म्हणजे बुधाजी, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते अशा वेळी फक्त "बरं" म्हणत आणि सायकल वळवत. मी मागे बसून मनात लिहून घेत असे, आपलं घर झालं की काय करायचं नाही.

म्हणून मी दारात कोणाचं आडनाव विचारत नाही. ते कराराच्या कागदावर यायचंच आहे. मी एकच गोष्ट विचारते, "जुनं घर काहून सोडता?" आणि गप्प बसते. माणूस पगार वाढवून सांगतो, पाहुणे कमी करून सांगतो, पण या प्रश्नाला सापडतो. जो जुन्या मालकाला दहा मिनिटं शिव्या देतो, तो वर्षभराने मलाही देणार. जो पाण्याचं सांगतो, त्याला आपली टाकी दाखवून द्यावी. आणि जो काहीच बोलत नाही, त्याला चहा द्यावा आणि थांबावं. खरं कारण चहाच्या तळाशी असतं.

तर घर बांधलं त्याला अकरा वर्षं झाली. खाली दोन ब्लॉक, वर एक मोठा ब्लॉक, त्याला पूर्वेची गॅलरी, गॅलरीसमोर कडुनिंब. आणि आम्ही दोघं गच्चीवर, टिनाच्या एका खोलीत. दोनच वर्षं राहायचं, असं ठरलं होतं. वरचा ब्लॉक चांगला जातो तर आधी बँकेचं कर्ज फिटू दे. कर्ज फिटलं तर दीक्षाचं शिक्षण होतं. शिक्षण झालं तर लग्न. लग्न झालं, आणि मग काहीच नव्हतं. पण तोवर टिनाची सवय झाली होती. म्हणजे असं आम्ही म्हणत होतो. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्या खोलीत स्टीलच्या डब्याला हात लावायचा तर आधी पदर गुंडाळावा लागतो. कूलर गरम हवा इकडून तिकडे ढकलतो. बुधाजी जेवण झालं की खाट घेऊन खाली निंबाखाली जातात. मी शिवणाचं मशीन जिन्याच्या वळणावरच्या मोकळ्या जागेत आणते. पाहुणे आले आणि कपाळ पुसायला लागले की बुधाजी म्हणतात, "गच्चीवर हवा चांगली येते." मीही म्हणते. अकरा वर्षांत ती हवा कोणी पाहिलेली नाही.

वरच्या ब्लॉकमध्ये सहा वर्षं नीलम मॅडम होत्या, कॉलेजात शिकवायच्या. फेब्रुवारीत त्यांची बदली झाली. ब्लॉक रिकामा झाला की माझं काम ठरलेलं असतं. नळांचे वायसर बदला, भिंतींना ऑफव्हाइट मारा, मीटरचा आकडा लिहा, खोल्यांचे फोटो काढा, पाटी लावा. या वेळी रंगवणारा बंडू आला आणि बादली ठेवून म्हणाला, काकू, नेहमीचाच ना? माझ्या तोंडून निघालं, कार्ड दाखव जरा. मग बैठकीत फिका पिस्ता आला, आणि आतल्या खोलीत मोसंबीच्या गरासारखा एक रंग, ज्याचं नाव मला अजून घेता येत नाही.  बंडूने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

ओट्याचं तर मी बुधाजींनाही नीट सांगितलं नाही. नीलम मॅडम उंच होत्या, ओटा त्यांना बरोबर होता. मी चार फूट दहा इंच. मिस्त्रीला सांगितलं की ओट्याखालचा एक आधार हलतोय, दुरुस्त कर, आणि करतोच आहेस तर तीन इंच खाली घे. बुधाजी संध्याकाळी पाहायला आले. त्यांनी नव्या ओट्यावर तळहात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कोपरांकडे. "बरं झालं," म्हणाले, आणि खाली जाऊन झाडांना पाणी घालत बसले.

त्यानंतर पाटी लागली. माणसं यायला लागली आणि जायला लागली.

अशात अकोल्याहून दीक्षाचा फोन आला. तिने आणि जावयांनी, अश्विनने, तिकडे दुसरा फ्लॅट घेतला होता, किरायाने द्यायला. गुंतवणूक म्हणून. महिना होत आला तरी कोणी ठरेना. म्हणाली, आई, मोबाइलवर सगळं वाचलं मी, करार कसा करायचा, वाढ किती टक्के ठेवायची. पण माणूस कसा ओळखायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. तू ये.

मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूरला चहा घेतला. अकरा वाजता दीक्षाच्या फ्लॅटच्या दारात उभी होते, आणि पाहते तर काय, पोरीने पडदे लावलेले. भिंतीवर उडणाऱ्या पाखरांचे स्टिकर. कोपऱ्यात हत्तीच्या आकाराचा दिवा.

"हे काढ," मी म्हणाले.

"छान दिसतं ना, आई."

"म्हणूनच काढ. द्यायच्या घराच्या प्रेमात पडायचं नाही. तू पाखरं लावशील, त्यांचं पोरगं पाखराची शेपटी उपटेल, आणि तू महिनाभर रडशील. घर साधं, स्वच्छ, आणि सगळे नळ चालू. बस."

दुपारभर मी तिला कामाला लावलं. सगळ्या तोट्या उघडून बघितल्या. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं आणि टाकी किती वेळात भरते ते शेजारणीला विचारून घेतलं, कारण किरायदार पहिल्या आठवड्यात तेच विचारतो आणि मालकाला माहीत नसलं की त्याचा विश्वास जातो. विजेचा मीटर वेगळा आहे ना ते पाहिलं. प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला लावला, किल्ली देण्याच्या दिवशी पुन्हा त्यांच्यासमोर काढायचा म्हणून सांगितलं. करार अकरा महिन्यांचा, रीतसर नोंदवलेला, पोलिसांना माहिती दिलेली, माणूस कितीही गोड असला तरी. जे चालणार नाही ते पहिल्या भेटीतच सांगायचं, एकदाच, हसून. आणि तक्रार आली की त्याच दिवशी प्लंबर. मालक उशीर करायला लागला की किरायदारही किरायाला उशीर करायला शिकतो. दीक्षा सगळं वहीत लिहून घेत होती. लहानपणी पाढे लिहायची तशीच, जीभ थोडी बाहेर काढून.

चार वाजता एक जोडपं आलं, अनुप आणि प्रणाली. तो बैठकीत उभा राहून खिडक्या मोजत होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि वाकून सिंकच्या खाली पाहिलं. मला तिथेच ती आवडली. जुनं घर काहून सोडता, विचारलं. तो म्हणाला, ऑफिस जवळ पडेल. ती म्हणाली, खरं सांगू का मावशी, सासूबाई आमच्याकडे राहायला येऊन राहिल्या, त्यांच्यानं जिना चढवत नाही, अन् इथं लिफ्ट आहे. मी दीक्षाकडे पाहिलं. दीक्षाने वही मिटली. चाळीस मिनिटांत घर गेलं.

पोरगी चकित. तिला रविवारपर्यंत सुट्टी होती, म्हणाली, येते मी तुझ्याबरोबर, तुझा वरचा ब्लॉक कसा देतेस ते पाहते. अजून गेला नाही ना तो?

मी म्हणाले, चांगली माणसंच येत नाहीत.

"दोन महिन्यांत एकही नाही?"

गाडी मूर्तिजापूर सोडून पुढे आली होती. मी खिडकीबाहेर वखरून ठेवलेल्या काळ्या वावरांकडे पाहत राहिले.

अमरावतीला आल्यावर ती पहिल्यांदा वरच्या ब्लॉकमध्ये शिरली. बैठकीचा पिस्ता पाहिला. मोसंबी पाहिली. मग येणाऱ्यांसाठी तिथे ठेवलेल्या शेगडीवर चहा ठेवते म्हणून ओट्याशी गेली. दीक्षा बापाच्या वळणावर उंच आहे. तिला वाकावं लागलं. ती तशीच वाकलेली राहिली क्षणभर, ओट्याकडे पाहत. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "साखर कुठे आहे?"

शुक्रवारी एक नवरा-बायको आले, दोघंही बँकेत, सोबत चार वर्षांचं पोर. मी त्यांना नाही म्हटलं, कारण पोर भिंती रंगवेल. दीक्षाने वहीत कारण लिहिलं. मग म्हणाली, प्रत्येक किरायदारामागे भिंत रंगवायचीच असते, हे अकोल्यात तूच सांगितलंस. मी म्हणाले, ते ऑफव्हाइटबद्दल. शनिवारी सकाळी दोन मुली आल्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, इतक्या शांत की बोलताना कान पुढे न्यावा लागे. त्यांनाही नाही म्हटलं. इतक्या शांत मुलींची मला धास्ती वाटते, असं कारण दिलं. दीक्षाने तेही लिहिलं. बुधाजी गॅलरीत उभे होते. त्यांच्या पाठीकडे पाहून मला कळेना की ते खोकतायत की हसतायत.

शनिवारी संध्याकाळी मात्र खुशालराव आले. मूर्तिजापूरकडचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, सोबत त्यांच्या पत्नी पार्वताबाई. असा किरायदार मालकाला दहा वर्षांत एकदा मिळतो. चपला बाहेर, जोडीने ठेवलेल्या. जुन्या घराच्या किरायाच्या पावत्या फाइलीत. मुलगा चिखलदऱ्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येणार. मी सगळीकडून शोधलं, पण नाही म्हणायला कुठे फट सापडेना. शेवटी माझा प्रश्न विचारला.

खुशालराव म्हणाले, "मालकाले पाहिजे घर. सोताले. म्हने, भाऊ, लय वर्षं दुसऱ्याले दिलं, आता आमी राहू. मी मनलं, बराबर हाये. तुमचं घर हाये. तुमी नाई राहान त कोन राहीन?"

 दीक्षाचा पेन थांबला. बुधाजींनी गॅलरीच्या कठड्यावरचं एक पान उचललं आणि ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मी म्हणाले, चहा घेणार ना?

पार्वताबाई ओट्याशी उभ्या होत्या. "बाई, हा ओटा कोन्या ठेंगन्या बाईसाठी बांधला का जी?"

मिस्त्रीचं चुकलं, मी म्हणाले.

खुशालरावांना सोमवारी सांगते म्हटलं. ते म्हणाले, सांगा, आमी बिऱ्हाड बांधून ठेवतो. त्यांच्या मागे जिना उतरताना मला कळून चुकलं की सोमवारी मला होच म्हणावं लागणार. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. सगळ्या कॉलनीतल्या बायका घर द्यायचं झालं की मला विचारायला येतात, आणि मी त्यांना सांगते, प्रेमात पडू नका. चांगला ब्लॉक किरायाला, आपण कुठेही राहू शकतो. आता कोणत्या तोंडाने म्हणणार की मला गॅलरी पाहिजे, मला सकाळचा चहा निंबासमोर पाहिजे, आणि मला तो मोसंबीचा रंग कोणालाच दाखवायचा नाही? आणि खुशालराव एकदा आले की पुढची दहा वर्षं जाणार नाहीत. तेव्हा मी चौसष्टची असेन, टिनाखाली.

रविवारी सकाळी दीक्षा म्हणाली, आई, दहा वाजता अजून एक जण येतोय पाहायला. मी म्हणाले, कशाला, खुशालरावांना हो म्हणायचं ठरलंय. ती म्हणाली, वेळ दिली आहे, आता नाही कसं म्हणणार? पाहून घे. तुझाच नियम आहे, शेवटच्या माणसालाही नीट दाखवायचं.

दहाला मी वरच्या ब्लॉकमध्ये खुर्ची टाकून बसले. दीक्षा वही घेऊन बाजूला. खालून डक्टमधून जमुनाबाईंचा आवाज आला, आला का आणखी एक, आत्ताच पोछा मारला होता. आणि मग जिन्यावर पावलं.

दारात बुधाजी. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले, हातात प्लॅस्टिकची फाइल. गच्चीवरून खाली उतरून, फाटकापर्यंत जाऊन, पुन्हा जिना चढून आले होते, रीतसर. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि जोडीने ठेवल्या.

"नमस्कार, बाई. किरायानं घर पाहाले आलो."

मी दीक्षाकडे पाहिलं. ती वहीत डोकं घालून होती, पण तिचे कान लाल झाले होते. हसावं तर हसू येईना. मी पदर नीट केला.

"बसा. कागद आणले?"

त्यांनी फाइल पुढे केली. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, पेन्शनचं पुस्तक. मी प्रत्येकाकडून मागते तेवढं सगळं, त्याच क्रमाने. फोटो ताजा होता. कालच काढला असणार, शर्ट तोच होता.

"घरात माणसं किती?"

"दोन. मी अन् बायको. लेक येते मधीमधी. तिले सगळं वहीत लिहाची सवय हाये, तेवढा तरास होईन तुमाले."

"व्यसन?"

"पान खातो. भिंतीवर नाई थुंकत. भिंतीचा रंग भारी हाये तुमचा."

"बायकोचा स्वभाव कसा आहे?"

"चांगला हाये. कोनाच्या भानगडीत पडत नाई. डक्टमधून आयकते तेवढंच."

खाली जमुनाबाईंची भाकरीची थाप एकदम थांबली. आजवर मला वाटत होतं की डक्ट एकाच बाजूने ऐकतो. दीक्षाने वही तोंडापुढे धरली. माझं तोंड आपल्या सवयीवर गेलं. मी विचारलं.

"जुनं घर काहून सोडता?"

 फाइलीचं बटन बुधाजींनी लावलं, उघडलं, परत लावलं. घरमालकांनी दारातूनच नाही म्हटल्यावर "बरं" म्हणणारा हा माणूस. मी माझ्या नियमाप्रमाणे थांबले. दीक्षा उठली, ओट्यावर झाकून ठेवलेला चहा तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश प्यायला, सगळा, आणि कप खाली ठेवला.

"वरतं टिन लय तापते, बाई. हवा चांगली येते, असं मी लोकायले सांगतो, बायकोबी सांगते. अकरा वर्षं झाले, येत नाई थे हवा. मले आता इथं राहाचं हाये, या गॅलरीत. अन् बायकोनं ओटा आपल्या मापाचा करून घेतला, रंग लावून घेतला, पन तोंडानं मनत नाई, म्हनून मीच मनतो. ललिता, तुले हे घर पाहिजे."